३३० की १५०? वाळवंटात हरवलेल्या बॉम्बरचं खरं कारण

परवा परत ते फॉरवर्ड आलं. सहारा वाळवंटात सापडलेलं 'भुताचं विमान', आत एकही माणूस नाही, पॅराशूट नाही, विमान आपलं आपण उतरलेलं, १६ वर्षांनी सुद्धा मशीनगन चालते, रेडिओ चालतो, आणि खाली नेहमीची ओळ, की विज्ञानाकडे याचं उत्तर नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण उत्तर आहे, शाळेत शिकलेल्या भूमितीत आणि लहरींच्या धड्यात बसेल एवढंच आहे, आणि ते भुतापेक्षा कितीतरी विलक्षण आहे. शिवाय यात नऊ माणसं मेली, त्यातला एक जण शेवटपर्यंत डायरी लिहीत होता, आणि आपण त्यांच्यावर भुताच्या गोष्टी रचतोय.

तर विमान म्हणजे 'लेडी बी गुड', अमेरिकन बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचं बॉम्बर. ४ एप्रिल १९४३ ला दुपारी लिबियातल्या बेनगाझीजवळच्या सोलुक तळावरून ते इटलीतल्या नेपल्स बंदरावर हल्ला करायला निघालं. विमान नवं, पायलट विल्यम हॅटन आणि त्याची टीम पण नवी, सगळ्यांची ही पहिलीच लढाऊ मोहीम. निघतानाच वाळूचं वादळ होतं, इंजिनात वाळू गेल्यामुळे कितीतरी विमानं अर्ध्यातून परतली, हे नेपल्सपर्यंत पोचलं पण तोवर अंधार पडला होता आणि खाली लक्ष्य दिसत नव्हतं. मग बॉम्ब समुद्रात टाकून देऊन एकट्याने परतीचा रस्ता धरला. रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटनने बेनगाझीजवळच्या बेनिना स्टेशनला रेडिओवर कळवलं की आमचा दिशाशोधक चालत नाहीये, तुम्ही आमची दिशा सांगा. बेनिनाने सांगितलं, ३३०.

३३० म्हणजे बेनिनाहून बघितलं तर विमान उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ३३० अंशांवर, म्हणजे साधारण वायव्येला, म्हणजे अजून समुद्रावर आहात, तसेच सरळ या. ते तसेच सरळ गेले. रात्री दोनच्या सुमारास पेट्रोल संपत आलं तेव्हा सगळ्यांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. ते तेव्हा समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत होते, सहाराच्या मधोमध.

आता मला ज्या गोष्टीवर बोलायचंय ती ही, की ३३० हा आकडा जवळजवळ बरोबर होता! नकाशा घ्या आणि पट्टी ठेवा. नेपल्स ते बेनगाझी रेघ ओढा आणि तीच तशीच पुढे वाढवा, ती विमान सापडलं त्या जागेच्या अगदी जवळून जाते. मी अक्षांश-रेखांश घेऊन ढोबळ हिशोब केला तर बेनगाझीहून नेपल्सची दिशा येते ३३२ च्या आसपास आणि त्या अवशेषांची दिशा येते १४९ च्या आसपास. ३३० मधून १८० वजा केले की १५०. म्हणजे यंत्राने रेषा बरोबर सांगितली होती, फक्त त्या रेषेच्या कुठल्या टोकाला विमान आहे ते सांगितलं नव्हतं, कारण ते सांगणं त्या यंत्राला एकट्याने जमतच नाही.

का जमत नाही हे घरी करून बघता येतं. जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर आकाशवाणी पुणे ७९२ किंवा जवळचं कुठलंही स्टेशन लावा आणि ट्रान्झिस्टर टेबलावर आडवाच हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आवाज एकदम पडतो. अजून अर्धा फेरा फिरवा, परत तसाच पडतो. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा मोठा आवाज, दोनदा बारीक, आणि त्या दोन बारीक जागांमधली खरी कुठली हे नुसतं ऐकून सांगता येत नाही. आत फेराइटच्या कांडीवर तारेचं वेटोळं असतं, त्याचा हा गुण. दिशाशोधक स्टेशनवर हेच वेटोळं मोठं करून वापरतात, त्याला लूप अँटेना म्हणतात.

आता जरा खोलात जातो. समजा एक मीटर रुंद चौकोनी लूप उभा केलाय आणि येणाऱ्या लहरीची लांबी ३०० मीटर आहे. लहर लूपच्या प्रतलातून येत असेल तर आधी एका उभ्या बाजूला पोचते आणि मग एक मीटर पुढे जाऊन दुसऱ्या बाजूला. ३०० मीटरला पूर्ण ३६० अंशांचं आवर्तन, म्हणजे एका मीटरला १.२ अंशांचा फरक, इतकाच. दोन्ही बाजूंत निर्माण होणारे व्होल्टेज एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असल्यामुळे हा छोटासा फरक तेवढा उरतो आणि तोच आपल्याला ऐकू येतो. लूप नव्वद अंशांत फिरवला की लहर दोन्ही बाजूंना एकाच क्षणी पोचते, फरक शून्य, आवाज शून्य. मधल्या कोनांना आवाज कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात, म्हणून आलेख काढला तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा येतो. ऑपरेटर मोठा आवाज शोधत नाही, शून्य शोधतो, कारण कमाल जागेपासून १० अंश हललात तर आवाज जेमतेम दीड टक्क्याने कमी होतो, कानाला कळणार पण नाही, पण शून्यापासून १० अंश हललात तर तो शून्यावरून एकदम कमालीच्या १७ टक्क्यांवर जातो. म्हणून शून्य धारदार, आणि म्हणून रेषा अचूक.

पण लहर उलट बाजूने आली तर काय होतं? तोच १.२ अंशांचा फरक, फक्त अधिकच्या जागी उणे. कान आणि सुई दोघांनाही आकार कळतो, चिन्ह कळत नाही. चिन्ह कळायला तुलनेसाठी दुसरं काहीतरी लागतं आणि ते म्हणजे बाजूला एक साधी उभी दांडी, सेन्स अँटेना. दांडीला सगळ्या दिशा सारख्याच. तिचा सिग्नल पाव आवर्तनाने, म्हणजे नव्वद अंशांनी सरकवून आणि लूपच्या कमाल सिग्नलइतका करून लूपच्या सिग्नलमध्ये मिसळला की एका बाजूला अधिक अधिक मिळून दुप्पट होतं आणि दुसऱ्या बाजूला अधिक उणे मिळून शून्य. आठचा आकडा जाऊन बदामासारखा आकार येतो ज्याला एकच शून्य असतं. मात्र हे शून्य बोथट असतं, त्याने अचूक कोन मिळत नाही, म्हणून आधी लूपने रेषा काढायची आणि मग सेन्स जोडून बाजू तपासायची अशी दोन कामं करावी लागतात.

त्या रात्री बाजू तपासली गेली नाही किंवा चुकीची धरली गेली, असं या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. विमानं नेपल्सहून येतायत, म्हणजे समुद्राकडूनच येणार, मग वाळवंटाची बाजू कोण कशाला धरेल? वेळेचा हिशोब पण जुळतो. १२:१२ ते २ म्हणजे पावणेदोन तासांपेक्षा थोडं जास्त, वेग ताशी ३२० ते ३५० किलोमीटर धरला तर ६०० च्या आसपास किलोमीटर झाले, आणि उड्या मारल्या ती जागा बेनिनापासून पावणेसातशे किलोमीटरच्या घरात. म्हणजे हॅटनने दिशा विचारली तेव्हाच तो बेनिना ओलांडून पन्नास-शंभर किलोमीटर पुढे गेला असणार. त्याच्यासाठी तळावरून फ्लेअर, म्हणजे आकाशात उजेड करणाऱ्या खुणाही उडवल्या होत्या असं सांगतात, त्या त्याला दिसल्या नाहीत.

आणि यात सगळ्यात क्रूर भाग असा की त्याने अर्ध्या तासाने परत विचारलं असतं तरी उत्तर ३३० च आलं असतं, कारण तो बरोबर त्या रेषेवरूनच उडत होता. कळायचा एकच मार्ग होता, दहा-पंधरा मिनिटं आडवं उडायचं. समजा उजवीकडे वळला असता, तर स्टेशन पुढे असताना आकडा ३३० वरून खाली उतरला असता आणि स्टेशन मागे पडलेलं असताना वर चढला असता, कागदावर त्रिकोण काढून बघा म्हणजे पटेल. नाहीतर दुसऱ्या एखाद्या स्टेशनची रेषा घेऊन दोन रेषा छेदायच्या. पण पेट्रोल संपत आलेलं असताना हे सगळं कोणी कधी करतो, तर शंका आली तर, आणि तळाने आत्ताच अधिकृतपणे दिशा सांगितल्यावर शंका यायचं कारण काय?

विमान 'आपोआप उतरलं' त्यातही गूढ नाही. विमानाची शेपटी आणि पंख असेच बनवलेले असतात की नाक वर गेलं तर ते आपोआप खाली आणलं जातं. माणसं उतरल्यावर, पेट्रोल जळून हलकं झालेलं, एक इंजिन अजून चालू असलेलं ते विमान हळूहळू उंची सोडत आणखी २६ किलोमीटर गेलं आणि सपाट रेतीवर पोटावर घसरलं. तिथली हवा इतकी कोरडी की गंजायला पाणीच नाही, मग बंदूक चालेल नाही तर काय. पुढे त्याचे सुटे भाग इतर विमानांत लावले आणि त्या विमानांना अपघात झाले म्हणून शापाची कथा निघाली. पण ज्या विमानांना काही झालं नाही त्यांची कथा कोण सांगणार, आपण फक्त फसलेलीच मोजतो. आपल्याकडे रानात रस्ता चुकला की चकवा लागला म्हणतात, तो पण याच जातीचा समज, दिशेची खूण नसली की माणूस गोल फिरतो इतकंच त्यात असतं.

ही माणसं मात्र गोल फिरली नाहीत. बॉम्ब टाकणारा वोराव्का उडीतच गेला, त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. बाकीचे आठ जण अंधारात एकत्र आले आणि वायव्येला चालायला लागले, पॅराशूटच्या पट्ट्या दगडांखाली दाबून शोधणाऱ्यांसाठी बाण करत गेले. शोध घेणारे मात्र भूमध्य समुद्रावर शोधत होते. सहवैमानिक टोनरच्या डायरीप्रमाणे आठ जणांत अर्धी बाटली पाणी होतं, दिवसाला बुचभर वाटणी, पंधरा मिनिटं चालायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. दुपारची आग आणि रात्री गोठवणारी थंडी. ८ एप्रिलला वाळूचे डोंगर लागले, एकाचे डोळे गेले, बाकीच्यांचेही बिघडले. ९ एप्रिलला शेली, रिप्सलिंगर आणि मूर मदत आणायला पुढे गेले, पाच जण तिथेच थांबले. डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे.

घाम माठासारखं काम करतो, एक लिटर घाम सुकला की शरीरातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, आणि उन्हात चालताना तासाला लिटरभर सहज जातो. सत्तर किलोच्या माणसाचं सात लिटर पाणी कमी झालं की जीवावर बेतायला लागतं. या हिशोबाने ते दोन-तीन दिवसांत संपायला हवे होते. तेल शोधणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या लोकांना १९५८-५९ मध्ये विमान दिसलं आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पाच सांगाडे मिळाले, तेव्हा कळलं की ते सुमारे १३० किलोमीटर चालले होते. शेली आणि रिप्सलिंगर त्यांच्याही बरेच पुढे, मे १९६० मध्ये सापडले. वोराव्का ऑगस्टमध्ये. मूरचे अवशेष अधिकृतपणे मिळालेच नाहीत. दुपारी पडून राहायचं आणि थंडीत रात्रभर चालायचं, यामुळेच ते इतके टिकले असं मला वाटतं.

बरेच जण लिहितात की विमानात पाणी होतं, खाणं होतं, चालू रेडिओ होता, मग मूर्खासारखे उलट दिशेला का गेले. विमान नेमकं कुठे पडलं हे त्यांना दिसलं नव्हतं, ते २६ किलोमीटर दक्षिणेला होतं, आणि त्यांच्या माहितीप्रमाणे ते तळाच्या जवळपास कुठेतरी होते. किनारा खरोखरच वायव्येला होता. त्यांनी पकडलेली दिशा बरोबर होती आणि ती त्यांनी डोळे जाईपर्यंत सोडली नाही. चुकलं होतं ते अंतर, आणि ते ३३० ऐकल्या क्षणापासून चुकलं होतं.