अधिसेविका

अधिसेविका : रुग्णालयातील परिचर्या विभागाची प्रमुख; बोलीत ‘मेट्रन’. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी पदांची चढण आहे. एकेका कक्षाचा कारभार परिसेविकेकडे, म्हणजे ‘इन्चार्ज सिस्टर’कडे असतो. परिचारिका नेतृत्व कशाला मानतात, हे मेट्रन व सिस्टर या दोन पदांच्या इतिहासातून उलगडते.

‘मेट्रन’ हा शब्द लॅटिन ‘मात्रोना’, म्हणजे प्रतिष्ठित विवाहिता, यावरून आला. ‘सिस्टर’च्या उगमाविषयी मात्र मतभेद आहेत. रुग्णसेवा करणाऱ्या ख्रिस्ती नन्सवरून हे नाव थेट आले, असे सर्रास सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार, इंग्लंडमधील मठ बरखास्त झाल्यावर, साधारणतः सोळाव्या शतकाच्या मध्यास, लंडनची सेंट बार्थोलोम्यू व सेंट टॉमस ही रुग्णालये नव्याने उभी राहिली. तेथे मेट्रनच्या हाताखाली पगारावर काम करणाऱ्या, व्रतस्थ नसलेल्या स्त्रियांनाही ‘सिस्टर’च म्हणत. नाव मठातले, पण पद नोकरीतले, असे सांगणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील डीकोनेस (प्रोटेस्टंट धर्मसेविका) संस्था (1836) व लंडनमधील सेंट जॉन्स हाउस हा परिचर्येचा धार्मिक भगिनीसंघ (1848) यांमुळे या नावाला धार्मिक छटा पुन्हा चढली. आपल्याकडे सगळ्याच परिचारिकांना रुग्ण ‘सिस्टर’ म्हणतात, त्यामुळे हा पदभेद बाहेरच्यांना जाणवत नाही.

सेंट टॉमस रुग्णालयात 1860 मध्ये नाइटिंगेल प्रशिक्षणशाळा निघाली. परिचारिकांवर शिस्तीचा अधिकार प्रशिक्षित स्त्रीप्रमुखाचाच असावा, डॉक्टरांचा वा कारभाऱ्यांचा नव्हे, हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आग्रह होता. 1859 च्या अखेरीस किंवा 1860 च्या आरंभी निघालेल्या त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये ‘पेटी मॅनेजमेंट’ (बारीकसारीक व्यवस्थापन) हे स्वतंत्र प्रकरण आहे. आपण समोर असताना जे होते तेच आपल्या पाठीमागेही होईल अशी व्यवस्था लावणे, हा त्यातील प्रभारीपणाचा अर्थ. इतकी नेमकी व्याख्या नंतरच्या व्यवस्थापनग्रंथांतही क्वचितच आढळते. ड्युटी लिस्ट, हँडओव्हर आणि राउंड ही या व्यवस्थेचीच रोजची रूपे होत.

ब्रिटनमध्ये वरिष्ठ परिचर्या पदांच्या रचनेविषयीच्या सॅमन समितीच्या अहवालानंतर (1966) मेट्रन हे पद हळूहळू गेले व क्रमांकांच्या श्रेणी आल्या; सिस्टर सहाव्या श्रेणीत, मुख्य परिचर्या अधिकारी दहाव्या. वर चढावे तसतसा रुग्ण दूर जाई. 2001 च्या सुमारास ‘आधुनिक मेट्रन’ नेमल्या गेल्या. कक्षात दिसणारी, अधिकार असलेली व्यक्ती हवी, हे त्यामागचे कारण. अमेरिकेत 1983 मध्ये परिचारिका टिकवून ठेवणाऱ्या 41 रुग्णालयांचा अभ्यास झाला. तेथेही सहज भेटणारे परिचर्याप्रमुख आणि कामातील निर्णयस्वातंत्र्य या गोष्टी ठळक दिसल्या.

भारतात परिचर्या अधीक्षिकांची संघटना 1905 मध्ये लखनौ येथे स्थापन झाली. प्रशिक्षित परिचारिकांची 1908 मध्ये. 1922 मध्ये दोन्ही एक झाल्या. आज परिसेविकेला रुग्णसेवेबरोबर इंडेंट (साहित्याची मागणी), आहार आणि जडवस्तुसंग्रह नोंदवहीही (‘डेड स्टॉक रजिस्टर’) सांभाळावी लागते. चादर हरवली तर जाब तिलाच, पण कक्षात मनुष्यबळ किती असावे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.