बेंबीपाशी धरलेली टेप

सरळ उभं राहायचं, पोट आत ओढायचं नाही, श्वास हळूच सोडायचा आणि टेप बेंबीच्या रेषेत धरायची. एप्रिल २००८पासून जपानमध्ये ४० ते ७४ वयाच्या विमाधारकांच्या वार्षिक तपासणीत हे मोजमाप असतं. पुरुषांसाठी मर्यादा ८५ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ९०. घेर वाढला तर दंड भरावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. माणसाला मिळतो तो सल्ला. दंड बसू शकतो तो विमा संस्थेला.

वजनकाटा असताना टेप कशाला? कारण चरबी नेमकी कुठे साठली आहे, हे काट्याला कळत नाही. कातडीखालची चरबी चिमटीत पकडता येते. आतड्यांभोवतीची येत नाही, आणि जास्त धोका तिचाच. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं रक्तावाटे थेट यकृतात उतरतात. तिथे चरबी साचत गेली की यकृत इन्शुलिनला जुमानेनासं होतं आणि उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहतं. ती आवरायला स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओततं. त्यामुळे रिपोर्टात साखर कित्येक वर्षं ठीक दिसते. पण तोवर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढलेलं असतं, एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, घसरलेलं असतं, रक्तदाबही वाढू लागलेला असतो. या सगळ्या जुडग्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. जपानमध्ये त्याचं ‘मेताबो’ झालं आणि तो रोजच्या बोलण्यातला शब्द बनला.

८५ आणि ९० हे आकडे सीटी स्कॅनवरून ठरले. बेंबीपाशी घेतलेल्या छेदात आतल्या चरबीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, साधारण तेव्हाचा हा घेर. स्त्रियांच्या कातडीखाली चरबी जास्त असते, म्हणून त्यांचा आकडा मोठा. इतर बहुतेक देशांत नेमकं उलट आहे, आणि यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

इतकं मोजून हाती काय लागलं? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुरुषांवरच्या एका मोठ्या अभ्यासात या सल्ल्यामुळे वर्षभरानंतर सरासरी वजन जेमतेम ३०० ग्रॅमने उतरलेलं आढळलं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा दिसली नाही. म्हणून तपासणी वाया गेली, असं मला वाटत नाही. पण सल्ला ऐकून माणूस त्याच खुर्चीत, त्याच लांबलचक कामाच्या दिवसात परततो. चालायला वेळच उरत नसेल, तर सल्ला कितीही चांगला असला तरी तो पाळणार कसा? सरकारांनी टेपइतकंच लक्ष कामाच्या तासांकडे आणि पायी चालता येईल अशा रस्त्यांकडे द्यायला हवं. कारण नियमित व्यायामाने ही आतली चरबी खरोखर कमी होते, कधीकधी वजन न उतरताही. काटा तिथेच असतो आणि पट्टा मात्र एक भोक आत लागतो.