खवय्या कुणाला म्हणायचं?

चुलत बहिणीचं लग्न होतं सांगलीत, पंगत बसली होती, आणि आमच्या थोरल्या काकांनी मठ्ठ्याबरोबर जिलबीवर असा हात मारला की वाढपी पोरं मोजायला लागली. बाराव्या जिलबीला कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "काका म्हंजे एक नंबर खवय्या!" शेजारी आजी बसली होती, तिच्या पानात अर्धी पुरी आणि चमचाभर मसालेभात. ती एवढंच म्हणाली, "खवय्या न्हाय त्यो, खादाड हाय. जिलबीचं तळण कालचं हाय, ह्ये त्याला अजून कळलं न्हाय."

तेव्हापासनं हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. हल्ली खवय्या शब्द फार स्वस्त झालाय, प्रत्येक हॉटेलच्या बोर्डावर 'खवय्यांसाठी पर्वणी' असतं आणि दहा मिनिटांत पाच वडापाव संपवणाऱ्यालाही आपण खवय्याच म्हणतो. पण आजीच्या डोक्यात फरक पक्का होता. खादाड म्हणजे किती खाल्लं ते बघायचं, खवय्या म्हणजे खाताना काय कळलं ते बघायचं. मला वाटतं तिचंच बरोबर होतं, आणि चवीचं विज्ञान जेवढं वाचलं तेवढं ते मला जास्तच पटत गेलं.

शब्द तसा हिंदीच्या वळणाचा आहे, तिकडे गवैया तसा खवैया. आपल्याकडे गवय्याचा गवई झाला पण खवय्या तसाच राहिला. अर्थ मात्र आपण थोडा वळवला. मिरजेच्या बाजूला, जिथं तंबोरे बनतात आणि जिथं अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथं एक गोष्ट लहानपणापासनं कानावर पडते, की तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं. खवय्या हा मला खाण्यातला कानसेन वाटतो. स्वतःला सुगरणीसारखं रांधता येईलच असं नाही, पण समोरच्यानं काय केलंय ते त्याला कळतं. इंग्रजीतला फूडी शब्द त्या मानानं अगदी नवा, 1980 च्या सुमाराचा, आणि गूर्मे हा फ्रेंच शब्द मुळात वाईनच्या व्यापाऱ्याकडच्या नोकरासाठी होता, म्हणजे तिथंही सुरुवात पारख करणाऱ्यापासनंच झाली.

आता आजीला तळण कालचं आहे हे कळलं कसं? आपण म्हणतो जिभेला कळलं. पण जिभेला तसं फार थोडं कळतं. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, बस. ही पाचवी चव 1908 साली टोकियोत किकुनाए इकेडा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातनं शोधून काढली, ग्लुटामेटची चव ती, टोमॅटोत पण असते. जिभेचं टोक गोडासाठी आणि मागची बाजू कडूसाठी असं जे चित्र आपण शाळेत बघितलं ते चूक आहे, 1901 सालच्या एका जर्मन अभ्यासाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि ते पुस्तकापुस्तकांत छापत राहिले. सगळ्या चवी जिभेवर जवळजवळ सगळीकडे कळतात.

मग बाकीची मजा कुठनं येते? नाकातनं. आणि तीही बाहेरनं हुंगून नाही, आतनं. आपण घास चावतो तेव्हा त्यातनं वास सुटतो आणि घशाच्या मागच्या बाजूनं वर नाकात चढतो, मेंदू तो वास आणि जिभेची चव एकत्र करून आपल्याला सांगतो की हे सगळं तोंडात घडतंय. म्हणून सर्दी झाली की जेवण सपक लागतं, जीभ तर चांगली असते तेव्हा. घरी करून बघा, साताऱ्याचा कंदी पेढा घ्या, नाक चिमटीत घट्ट दाबा आणि चावा. नुसतं गोड आणि रवाळ लागेल, दुसरं काही नाही. दोन-तीनदा चावून झालं की नाक सोडा, एकदम भाजलेला खवा आणि वेलची तोंडभर पसरते, मी हे भाच्यांना करून दाखवलं तर त्यांनी अख्खा बॉक्स प्रयोगात संपवला. तो भाजलेला वास म्हणजे दुधातली प्रथिनं आणि साखर तापून एकमेकांशी जी क्रिया करतात तिची कमाल, 1912 साली लुई कामिय मायार या फ्रेंच माणसानं तिचं वर्णन केलं. तव्यावरच्या भाकरीचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा यांच्यामागेही तीच. आपल्याकडे त्याला खरपूस असा नेमका शब्द आहे.

वास ओळखायला माणसाच्या नाकात साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर असतात, म्हणजे वासाचा कण चिकटला की मेंदूला निरोप धाडणारी बारीक कुलपंच. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 साली या रिसेप्टरची जनुकं शोधली आणि 2004 चं नोबेल मिळवलं. एक वास बऱ्याच रिसेप्टरना थोडा थोडा लागतो, पेटीवर अनेक पट्ट्या एकदम दाबल्यासारखं, त्यामुळे 400 वरनं कितीतरी जास्त वास वेगळे करता येतात. आणि नाकाचा हा निरोप मेंदूत आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांजवळ फार लवकर पोचतो. कुठल्याशा वासानं एकदम चाळीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर उभं राहतं ते म्हणूनच.

तेल पुन्हा पुन्हा तापलं की हवेतला ऑक्सिजन त्यातल्या स्निग्ध आम्लांना तोडतो आणि हेक्झानलसारखी बारीक, उडून जाणारी संयुगं तयार होतात. त्यांचा वास म्हणजे आपला खवट वास. ती अगदी नावापुरती असली तरी नाकाला लागतात. म्हणजे काकांच्या नाकालाही ती लागलीच असणार! मग त्यांना का नाही कळलं?

इथं मला सगळ्यात मजेची गोष्ट सापडली. आपल्याला वाटतं खवय्याची जीभ जन्मतःच तिखट असते. तशा तिखट जिभा असतात, नाही असं नाही. 1931 साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन केमिस्टच्या लॅबमध्ये पीटीसी नावाची पावडर उडाली, शेजारचा सहकारी म्हणाला तोंड कडू झालं आणि फॉक्सना काहीच लागेना. पुढं कळलं की हे आईबापाकडनं येतं, कडू ओळखणारं एक जनुक कुणाचं कसं असेल त्यावर ते बरंचसं ठरतं. ज्यांना फारच जोरात कडू लागतं त्यांना चवीचा अभ्यास करणाऱ्या लिंडा बार्टोशुक यांनी सुपरटेस्टर म्हटलं. पण गंमत अशी की असे लोक बऱ्याचदा खवय्ये होत नाहीत, ते नको नको म्हणणारे होतात. कोबी नको, मुळा नको, फार तिखट नको. त्यामुळे घरातलं पोरगं कोबीला नाक मुरडत असेल तर दर वेळी ते नखरेच असतील असं नाही, त्याला खरंच आपल्यापेक्षा जास्त कडू लागत असेल, उगाच रागावू नका.

उलट वाईन चाखणाऱ्या तज्ज्ञांना तपासलं तर त्यांचं नाक सामान्य माणसापेक्षा फार तिखट निघत नाही. त्यांना जमतं ते वेगळंच, लागलेला वास ओळखणं, लक्षात ठेवणं आणि त्याला नाव देणं. डोळे बांधून अगदी रोजच्या वापरातला मसाला हुंगायला दिला तर 'ओळखीचं आहे पण काय ते आठवेना' असं बहुतेकांचं होतं. आजीकडे नावं होती. खवट, करपट, कुबट, आंबूस, उग्र, तुरट, पाणचट, मिळमिळीत, खमंग, खरपूस, हे तिचे रोजचे शब्द, आणि प्रत्येकाला तिच्या डोक्यात एक नक्की वास चिकटलेला.

तिचं माहेर हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. तिथं जमिनीत हळदीची पेवं होती, खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड बंद करायचं म्हणजे आत हवा खेळत नाही, किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली, त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटायचं. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा, पण त्याला वास जवळजवळ नाहीच, वास येतो तो तिच्यातल्या तेलांचा, टरमरोन वगैरे, आणि ती तेलं उडून जातात. म्हणून डब्यातली जुनी हळद दिसते झक्क पिवळी पण भाजीत घातली की मुकी. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा आम्ही तिला पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, "कागुद कशाला, हुंगायचं की."

तिखटाचं पण सांगायला पाहिजे, कारण आपल्या भागात झणझणीत खाऊ शकणारा तो खवय्या असा एक गैरसमज आहे. तिखट ही मुळात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला चिकटतं तो खरा उष्णता ओळखणारा, साधारण 43 अंशाच्या वर पेटणारा, डेव्हिड ज्युलियस यांनी तो 1997 मध्ये शोधला आणि 2021 चं नोबेल घेतलं. म्हणजे खर्डा खाल्ला की तोंड भाजत नसतं, पण मेंदूला निरोप जातो की भाजतंय. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी पिऊन आग जात नाही, दही किंवा दूध घ्या, त्यातली स्निग्धता आणि प्रथिनं ते धरून नेतात. रोज खाऊन खाऊन रिसेप्टर बधिर होत जातात, त्यामुळे किती तिखट सोसलं ही सवयीची गोष्ट, पारख नाही. आजी वर्षाची चटणी करायची (आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात) तेव्हा रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, असं निवडून घ्यायची. शब्दांची अजून एक गंमत म्हणजे आयुर्वेदातल्या सहा रसांत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, आपला कडू त्या कटुपासनंच आला आणि येताना अर्थ बदलून आला.

काकांवर पण अन्याय नको. एकच पदार्थ खात राहिलं की त्या पदार्थाचा आनंद कमी होत जातो, दुसऱ्या चवीचा मात्र राहतो, बार्बरा रोल्स या संशोधक बाईंनी यावर पुष्कळ काम केलंय. पोट भरल्यावरही पेढ्याला जागा निघते ती यामुळेच. काका दर जिलबीनंतर आंबट-खारट मठ्ठ्याचा घोट घेत होते, त्यामुळे गोडाचा कंटाळा लांबत गेला. पण एवढ्या घाईत तळणाकडे लक्ष कुठनं जाणार!

ऐंशीच्या पुढं आजीचं नाक गेलं. वयानं बहुतेकांचं थोडंफार जातं, पण आम्हाला ते कळलंच नाही. ती म्हणायची आमटीला चव नाही, आणि आम्ही म्हणायचो म्हातारी कुरकुर करते. सुनांना बोल बसायचे, मीठ वाढायचं. आज ते आठवलं की फार वाईट वाटतं.

मग एका पावसाळ्यात संध्याकाळी सगळे चहाला बसलो होतो, आईनं भडंग केलं होतं, लसूण भरपूर घालून. आजी कोपऱ्यात, डोळे मिटलेले, तिनं अजून घेतलंही नव्हतं. मी बकाणा भरला आणि चावायला लागलो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी 2004 मध्ये लोकांच्या कानाला हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले होते, चावण्याचा आवाज वाढवला की तेच चिप्स लोकांना जास्त ताजे आणि कुरकुरीत लागत. कोरडा चुरमुरा कडक असतो, चावला की त्याला असंख्य बारीक तडे जातात आणि तो वाजतो, हवेतला ओलावा शिरला की तो लवचिक होतो, मग तुटत नाही, दबतो. मला हे सगळं नंतर वाचायला मिळालं. आजीनं डोळे न उघडताच आईला हाक मारली.

"सादाळलंय गं भडंग. परत जरा कढईत घाल."