वजन उतरवण्याचा आहार ठरवण्याआधी आम्ही आठ दिवसांची नोंद का मागतो

कुत्र्याचे किंवा मांजराचे वाढलेले वजन कमी करण्यासाठी आमच्या दवाखान्यात येणाऱ्या पालकांची पहिली मागणी बहुतेक वेळा थायरॉइडच्या तपासणीची, नाहीतर वजन उतरवणाऱ्या खाद्याच्या पिशवीची असते. त्याऐवजी आम्ही एक कोरी वही देतो आणि प्राण्याला दिलेला प्रत्येक घास आठ दिवस तिच्यात लिहून आणायला सांगतो, तेव्हा काहींचा हिरमोड होतो. ही पद्धत आम्ही का सोडत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

‘तो काही खातच नाही, फक्त दोन वेळचे डॉग फूड’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, आणि सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. ती स्वतः जे घालते तेवढेच तिला ठाऊक असते. आजोबांच्या सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे, पहिली पोळी तव्यावरून उतरली की तूप लावून दिलेला तिचा तुकडा, जेवताना मुलांच्या ताटाखालून सरकवलेले पनीर आणि खाली फिरायला नेल्यावर सोसायटीतल्या कोणी प्रेमाने भरवलेला पाव, यांतले प्रत्येक जण ‘मी थोडेसेच देतो’ असेच म्हणतो, आणि दिवसाची बेरीज घरात कोणाकडेच नसते. ही बेरीज न करता आहार ठरवला की खाद्य बदलते, पैसे खर्च होतात, दीड महिन्याने वजनकाटा तोच आकडा दाखवतो आणि आपल्याला व आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्राण्याच्या सांध्यांवरचा भार तेवढे दिवस तसाच राहतो, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

आकडे पाहिले की हे लगेच पटते. ज्याचे योग्य वजन 5 किलो आहे अशा छोट्या कुत्र्याला वजन उतरवताना दिवसाला सुमारे 235 किलोकॅलरी पुरतात. चमचाभर तूप लावलेली एक मध्यम पोळी साधारण 150 किलोकॅलरींची होते, म्हणजे त्याच्या दिवसाच्या अन्नाचा दोन-तृतीयांशाजवळचा भाग एका पोळीत संपतो. 30 किलो योग्य वजनाच्या लॅब्रेडॉरसाठी हाच हिशेब सुमारे 900 किलोकॅलरींचा आहे. त्याला अशा दोन पोळ्या, पाच-सहा ग्लुकोज बिस्किटे आणि चीजचा एक क्यूब मिळाला, तर त्याच्या भांड्यात खाद्याचा एकही दाणा पडण्याआधीच निम्मा दिवस भरलेला असतो. मुख्य खाद्याखेरीज दिलेले वरचे खाणे एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत असावे, असा पशुवैद्यकातला सर्वमान्य नियम आहे आणि तो इथे केव्हाच मोडलेला असतो.

म्हणून वहीत घरातल्या प्रत्येकाने, आणि फिरायला नेणाऱ्या मुलानेही, दिलेला प्रत्येक घास लिहावा. औषधाची गोळी पेढ्यात घालून दिली असेल तर पेढाही लिहावा. खाद्य वाटीने मोजू नये, कारण एकीची वाटी सपाट असते आणि दुसऱ्याची शिगोशीग. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजावे. असा काटा घरी नसल्यास आठ दिवसांपुरता आमच्याकडून न्यावा, त्याचे भाडे आम्ही घेत नाही.

वजन खरोखर जास्त आहे का, हे घरीही पाहता येते. बोटे बरगड्यांवरून हलकेच फिरवावीत: आपल्या पालथ्या हाताच्या मागच्या हाडांवरून बोट फिरवल्यावर जसे लागते तशा बरगड्या लागल्या तर वजन बरोबर आहे, तळहातासारखे मऊ लागले तर चरबी जास्त आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर दिसायला हवी. ‘गुटगुटीत आहे, छान दिसतो’ हे कौतुक आपल्याकडे बाळांपासून चालत आले आहे, पण जास्तीचे वजन पगच्या श्वासावर, डॅशहुंडच्या पाठीच्या मणक्यांवर, लॅबच्या खुब्यांवर आणि कोपरांवर पडते, आणि लठ्ठ मांजरांत मधुमेहाचा धोका वाढतो. उन्हाळ्यात जाड कुत्र्याला उष्माघातही लवकर होतो.

‘लॅबला भूकच फार, आम्ही काय करणार’ असे म्हणणाऱ्यांची तक्रार अगदी खोटी नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की सुमारे एक-चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. नसबंदीनंतरही भूक वाढते आणि ऊर्जेची गरज मात्र घटते. तरीही भांड्यात किती पडावे हे माणसेच ठरवतात, म्हणून जबाबदारीही माणसांचीच राहते. प्राण्याच्या हितासाठी शक्य ते सर्व वाजवी उपाय करणे हे त्याला सांभाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम 3 सांगते.

कमी खायला घालणे म्हणजे उपाशी मारणे, असे वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉरच्या 24 जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) 13 वर्षे भरले आणि इतरांचे 11.2 वर्षे, संधिवाताच्या उपचारांची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली.

आम्ही तपासण्या टाळतो असा गैरसमज नसावा. दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होणे, सुस्ती, थंडी सहन न होणे, पाणी फार पिणे किंवा पोट एकाएकी फुगणे यांपैकी काही दिसले, तर वहीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासतो. स्टेरॉइड किंवा फिट्सची काही औषधे चालू असतील तर तेही आधी सांगावे, कारण त्यांनी भूक वाढते.

मांजरांबाबत एक कळकळीची विनंती आहे. लठ्ठ मांजराचे खाणे एकदम तोडू नये. ते काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो. मांजराने पूर्ण दिवस तोंडाला अन्न लावले नाही, तर तडक घेऊन यावे.

वही तपासल्यावर आम्ही ग्रॅममध्ये आहार लिहून देतो आणि दर पंधरा दिवसांनी विनामूल्य वजन करतो. कुत्र्याचे वजन आठवड्याला 1 ते 2 टक्के आणि मांजराचे त्याहून सावकाश उतरले तर ते योग्य समजावे. वजन उतरवण्याचे खास खाद्य आमच्याकडे मिळते आणि तंतुमय असल्याने त्याने पोट भरल्यासारखे राहते, पण अनेक घरांत चालू खाद्यच मोजून दिल्यावर भागते, आणि तसे असेल तर आम्ही पिशवी विकत नाही. पहिल्या भेटीला शक्य असल्यास घरातल्या सर्वांत जास्त लाड करणाऱ्या व्यक्तीला सोबत आणावे, कारण आहार पाळायचा की नाही हे पुढे तिच्याच हातात असते.