फार्स : लंडनच्या भाड्याच्या खोलीतून ग्रँट रोडला

'बॉक्स अँड कॉक्स' हा फार्स, म्हणजे छोटा विनोदी खेळ, लंडनच्या लायसियम नाट्यगृहात १ नोव्हेंबर १८४७ रोजी पहिल्यांदा झाला. मूळ माल फ्रेंच. रात्रपाळीचा छापखान्यातला कामगार आणि दिवसा टोप्या बनवणारा कारागीर. घरमालकीण एकच खोली दोघांना देते आणि भाडं दोघांकडून घेते. विस्तवावरच्या जाळीवर एकाचं बेकन, तिथेच दुसऱ्याची चॉप, आणि शेवटी दोन्ही खिडकीबाहेर.

व्हिक्टोरियन वसाहतींत हा खेळ फिरला तो सोयीमुळे. विनोद नंतरचा. पात्रं तीन, खोली एक, सामान कुठल्याही छावणीत सापडेल असं. सहा पेन्सच्या छापील संहितेत पोशाख कोणता, कोण कुठल्या दारातून येतो, सगळं दिलेलं असे. १८६६ मध्ये त्याचा संगीत अवतार पुरुषांच्या खासगी बैठकीसाठी झाला, तेव्हा घरमालकिणीच्या जागी पलटणीतला माजी सार्जंट आला. पलटणीच्या हौशी नटांना आणखी काय हवं होतं? लुगडं, म्हणजे गाऊन, नेसायची कटकटच मिटली.

मुंबईत ग्रँट रोडचं थिएटर १८४६ चं. इंग्रजी रिवाज असा की मोठा खेळ आधी आणि तोंडी लावायला फार्स नंतर. १८५३ च्या ऑक्टोबरात पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराब केलं, तेव्हा त्यालाही शेपूट म्हणून फार्स जोडला होता. सांगलीकडची पौराणिक नाटकं त्याच वर्षी त्याच रंगमंचावर झाली. पुढे मराठी मंडळ्याही आख्यान आटोपलं की फार्स लावू लागल्या.

घोळ आहे तो या शब्दात. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या मृत्यूचाही 'फार्स' झाला, अफझलखानाच्या वधाचाही. गारद्यांच्या तलवारी, 'काका, मला वाचवा', आणि वर नाव फार्स! नंतरच्या अभ्यासकांनी याला अडाणीपणा ठरवून टाकलं. मला ते पटत नाही. आपल्या मंडळ्यांनी इंग्रजांकडून उचलली ती जागा: सूत्रधार नाही, पदं नाहीत, राक्षसांची आरडाओरड नाही, शेवटी येणारा छोटा गद्य खेळ. त्या जागी जे बसेल ते फार्स, मग प्रेक्षक हसो की रडो. 'प्रहसन' हा संस्कृत शब्द हाताशी असूनही वापरला नाही, कारण त्यात हसणं सक्तीचं होतं. पूर्ण लांबीच्या ऐतिहासिक गद्य नाटकांची वाट या फार्सांनीच मोकळी केली, आणि ते श्रेय त्यांना अजून पुरतं मिळालेलं नाही.

विसाव्या शतकात फार्स पुन्हा दारं, कपाटं आणि लपाछपीकडे वळला, तोही मराठीत तुफान चालला. वर्तमानपत्रांनी मात्र शब्द तिसरीकडेच नेला. तिथे आता फक्त चौकशीचा फार्स होतो, नाहीतर निवडणुकीचा.