ट्रॅक्टर ओढतो खरा, पण धरतो का?

गेल्या गाळप हंगामात निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या चढावर एक ट्रॅक्टर अडकलेला पाहिला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. इंजिन चांगलं दमदार चालू होतं, पण मागची मोठी चाकं जागच्या जागी फिरत होती आणि डांबरावर जळक्या रबराचा वास सुटला होता. एक पोरगा ट्रॉलीच्या चाकामागं दगडाची उटी लावून तिथंच वाकून बसला होता. शेवटी दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडला, तेव्हा गाडी हलली.

त्यानंतर आठवड्याभरात आमच्या गल्लीतले मामा नवीन ट्रॅक्टर बघायला निघाले. मला म्हणाले, "पन्नास एचपीचं घेतोय. दोन ट्रॉल्या वढंल न्हवं?"

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कुठंही जा, ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न एचपीचाच असतो. पण घाटात जो अडकला होता त्याचं इंजिन कमी पडलं नव्हतं. एचपी म्हणजे इंजिन किती वेगानं काम उरकतं त्याचं माप. खालचा गिअर टाकला की वेग कमी होतो आणि ओढ वाढते, म्हणून इंजिनाला अवजड ओझंही सावकाश ओढता येतं. कमी पडते ती चाकाची जमिनीवरची पकड. ही पकड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: ओढणाऱ्या चाकांवर वजन किती आणि खालची जमीन कशी.

हिशेबासाठी आकडे गोल धरू. ट्रॅक्टर २ टनांहून थोडा जास्त, त्यातलं १३०० किलो मागच्या चाकांवर आणि ८०० पुढच्या. कोरड्या डांबरावर वजनाच्या साधारण ७० टक्के पकड मिळते, म्हणजे ९१० किलो. आता दोन भरल्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून १८ टन धरा. सपाट डांबरावर नुसतं गडगडत ठेवायला दोन टक्के, म्हणजे ३६० किलो ओढ लागते. वीस फुटांत एक फूट चढ आला की वर आणखी ९०० किलो. एकूण १२६०. ओढताना पुढच्या चाकांवरचं थोडं वजन मागं सरकतं, त्यामुळं पकड ११०० किलोपर्यंत वाढते, तरी ती पुरत नाही. एकच ट्रॉली असेल तर १० टनांना ७०० किलो ओढ लागते आणि तोच ट्रॅक्टर तोच चढ बिनघोर चढतो. फडातल्या ओल्या काळ्या मातीत तर पकड डांबराच्या निम्मीही राहत नाही. म्हणून फडातून ट्रॉली बाहेर काढतानाच अर्धा जीव जातो.

पुढचं वजन मागं सरकतं ते किती, हे ट्रॉली जोडायचा हूक जमिनीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. घाटातल्या ओढीला हूक दीड फुटावर असेल तर सुमारे पाव टन सरकतं. तोच हूक तीन फुटांवर नेला तर अर्धा टन. मग पुढच्या चाकांवर जेमतेम ३०० किलो उरतं. स्टेअरिंग फिरवलं तरी तोंड वळत नाही. ओढ मागच्या आसाच्या वर गेली तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागं उलटतो, आणि ते घडायला दोन सेकंदही लागत नाहीत. उंच हुकानं पकड वाढते म्हणून तो वर बांधणारे आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका.

चढ निदान थांबवून तरी शिकवतो. उतार तेवढी सवड देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, डाव्या-उजव्या चाकाचा पेडल वेगवेगळा, आणि उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. त्याच उतारावर १८ टन ओझं ट्रॅक्टरला ९०० किलोनं पुढं ढकलतं. गडगडण्याचा अडसर वजा केला तरी ५४० उरतात. ९१० किलो पकडीतले हे ५४० नुसते वेग वाढू न देण्यात खर्च होतात. थांबवायला उरतात ३७०. त्यावर ताशी २० किलोमीटरवरून थांबायला जवळजवळ ७७ मीटर लागतात, ३० वरून १७० च्या वर. वेग दीडपट केला की अंतर सव्वादोनपट होतं. रस्ता ओला असेल किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं असेल तर हा हिशेबही उरत नाही. आणि वळणावर ब्रेक दाबला तर मागची ट्रॉली सरळच जायला बघते, ट्रॅक्टरला आडवा फिरवते.

परदेशात गाडीमागं राहती खोली जोडून फिरतात, तिथंही हेच शास्त्र. अमेरिकेत अशा ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर पडावा असं मानतात. भार मागं गेला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ठरावीक वेगापुढं ते डोलणं थांबत नाही, वाढत जातं. आपल्या बैलगाडीवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. म्हणून चार मोळ्या पुढं सरकवायच्या. दोनचाकी ट्रॉलीला हे जसंच्या तसं लागू आहे. उलाळ ट्रॉली हूक वर उचलते, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन, अर्थात पकडच, काढून घेते. चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर राहतो. तिच्यापुढं ट्रॅक्टरलाच अंगचं वजन लागतं. चाकांना लावायची लोखंडी वजनं आणि टायरमध्ये भरायचं पाणी त्यासाठीच असतं.

हा सगळा हिशेब मी मामांना वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून दाखवला. ते बराच वेळ आकड्यांकडं बघत बसले. मग विचारलं, "म्हंजे उतरताना धरायचं कुणी, ते आधी बघायचं?"

पन्नास एचपीचाच ट्रॅक्टर आला. ट्रॉली एकच घेतली, ब्रेकवाली. अंगणात उभ्या ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकदमच दाबले जावेत म्हणून ते जोडणारी पट्टी मामांनी स्वतः लावली, हलवून बघितली आणि मग हुकाची पिन वरच्या भोकातून काढून खालच्या भोकात घातली.