शॅग हवा असेल तर लेअर मागा, थिनिंग नको

"शॅग करून आले, पण केस नुसते विरळ दिसतायत." शॅग नावाचा लेअरचा हेअरकट करून आलेली कोणी असं सांगत माझ्या खुर्चीत बसली की मी आधी टाळूवरची एक बट उचलून बघते. बहुतेक वेळा लांबी होती तेवढीच असते आणि अधूनमधून मुळापासून दोन बोटांवर कापलेले आखूड केस दिसतात. म्हणजे शॅग कापलेलाच नाही, नुसती थिनिंगची, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री फिरवली आहे.

लेअर म्हणजे वर आखूड, खाली लांब अशा केसांच्या पायऱ्या. स्टेप कटच्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात. शॅगच्या एकमेकींत मिसळतात, टाळूवर सगळ्यांत आखूड असतात आणि पुढे फ्रिंजला, म्हणजे कपाळावरच्या आखूड केसांना, जाऊन मिळतात. १९७१च्या 'क्लूट' या हॉलिवूड सिनेमातली नटी जेन फोंडा आठवा.

खरा घोळ होतो तो लांबी आणि दाटी यांत. लेअर कापताना टाळूवरची बट ९० अंशांत, म्हणजे सरळ वर, ताणून धरतात आणि त्या बटेतले सगळेच केस कापतात. बदलते ती लांबी. मग शेंड्यांत कात्रीचं टोक उभं धरून बारीक खाचा पाडतात. हे पॉइंट कटिंग. ते शेंड्यांपुरतंच, त्यामुळे कड मऊ होते आणि मुळाशी दाटी शाबूत राहते.

थिनिंगच्या कात्रीत दात्यांवर आलेले केसच कापले जातात, फटींतले तसेच राहतात. कमी होते ती दाटी, आकार तोच. त्या दिवशी डोकं हलकं वाटतं, म्हणून गिऱ्हाईकही खूश. पण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. दोन महिन्यांत ते आखूड केस ताठ उभे राहून वरच्या लांब केसांना ढकलू लागतात. त्यात मुंबईचा पावसाळा असला, की सगळं डोकं पिंजारल्यासारखं दिसतं. यावर इलाज एकच, केस वाढेपर्यंत थांबणं.

जाड, सरळ केसांत खालच्या भागात थोडं थिनिंग मी चालवून घेते. कुरळ्या केसांना ती कात्री लावूच नये. ते कोरडेच कापावेत, कारण ओले असताना दिसणारी लांबी वाळल्यावर आक्रसते.

कापून झाल्यावर आरशासमोर टाळूवरची बट सरळ वर उचला. शेंडे जवळपास एका उंचीवर आले तर लेअर कापलेत. मुळाशी खुंट आणि वर मोजकेच लांब केस दिसले, तर ते थिनिंग आहे.